मास्तरांचा चोरखिसा

मास्तरांच्या घरात गेल्या वर्षभरात इतकी बोलकी यंत्रं आली, की एकट्या माणसाच्या घरात असावी ती शांतता तिथे औषधालाही उरली नाही. भिंतीवरचं मोठं घड्याळ नुसती वेळ सांगून गप्प बसायचं नाही. वार सांगायचं, तारीख सांगायचं आणि वर ‘आता दुपार आहे’ असंही ठणकावून सांगायचं. औषधांचा डबा ठरल्या वेळी आपलं झाकण आपणच उघडायचा आणि गोळ्या उचलेपर्यंत टिवटिव करत राहायचा. शेगडीवर पातेलं विसरलं तर शेगडी आपोआप विझायची, इस्त्री तशीच ठेवली तर ती गार पडायची. फोनवर आकड्यांऐवजी माणसांचे फोटो होते. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या फोटोवर बोट दाबायचं, की झालं. दार उघडलं की त्याची खबर थेट मास्तरांच्या मुलीच्या मोबाइलवर. “या घरात मी सोडून सगळे बोलतात,” असं मास्तर म्हणायचे. हे मात्र शुद्ध खोटं होतं, कारण मास्तर त्या सगळ्यांशी दिवसभर भांडत असायचे.

ही सगळी फौज उभी केली ती मुलीने. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात कामाला. दिवसभर लोक फोन करून नळाला पाणी नाही म्हणून तिच्यावर आगपाखड करणार, आणि ती थंड आवाजात ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ म्हणणार. समोरच्याने कितीही आदळआपट केली तरी आपल्याला करायचं तेच करायचं, ही विद्या तिला चांगलीच अवगत होती. घरात नवीन यंत्र आलं की मास्तर आकांडतांडव करायचे, ती सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि भिंतीत स्क्रू पिळायची. मास्तर तिला फौजदार म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, डॉक्टरांसमोरही म्हणायचे.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की गावातल्या दोन पिढ्यांचे गणवेश त्यांच्या हातून गेले होते, आणि वाढत्या पोरांसाठी शिलाईत जागा ठेवायची अक्कल त्यांना होती. कोटाला मात्र त्यांच्यासारखा हात नाही, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणायला विसरले तर मास्तर स्वतः म्हणायचे. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. मशीन घरी आलं, ते खिडकीपाशी ठेवलं, आणि त्याच्यासमोर स्टुलावर मास्तर. बायको गेल्यावरही ते स्टूल हललं नाही.

मग विसरणं सुरू झालं. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं. मास्तर म्हणाले, “नाव ऐकूनच कळतंय, लक्षात राहणार नाही.” खरी गंमत अशी, की माणसांची नावं त्यांच्या डोक्यातून भराभर निसटत गेली, पण मापं जागच्या जागी राहिली. मुलीने संध्याकाळी येऊन विचारावं, “आज कोण आलं होतं?” तर उत्तर यायचं, “अडतीस छाती, उजवा खांदा पडका.” म्हणजे दूधवाला. “कंबर चव्वेचाळीस, पण पट्टा ओढून चाळीस सांगतो,” म्हणजे डॉक्टर. मुलीला ही भाषा आता पाठ झाली होती. आपलं माप त्यांनी कोणाला काय सांगितलं असेल, हे मात्र तिने कधी विचारलं नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण एके दिवशी मास्तर काळी बटणं आणायला बाहेर पडले. बटणांचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झाल्याला जमाना लोटला होता. मास्तरांना वाटलं, आपणच रस्ता चुकलो. बटणांचं दुकान शोधायला ते बसमध्ये बसले, ते पार शेवटच्या थांब्यापर्यंत. इकडे मुलीने आकाशपाताळ एक केलं. शेवटी ते सापडले बस डेपोत. ड्रायव्हर बनियनवर बाकड्यावर बसलेला, आणि मास्तर त्याच्या शर्टाची उसवलेली बाही शिवतायत. सुई आणि दोरा त्यांच्या कॉलरच्या मागे कायम खोचलेला असायचाच. मुलीला बघून ते म्हणाले, “किती उशीर? मी केव्हाचा थांबलोय.” ती तेव्हा हसली. घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली, आणि तक्रार कक्षातली बाई असून इतकं पाणी वाया घालवल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

तिचा धाकटा भाऊ सातासमुद्रापार. तो विमानाने धावत आला आणि आल्या आल्या म्हणाला, “ताई, आता पुरे. यांना एकटं ठेवायचं नाही.” मुलीकडे राहायला मास्तर तयार नव्हते, भावाबरोबर परदेशी तर त्याहून नाही. तेव्हा तिघं मिळून एक वृद्धनिवास बघून आले. जागा नावं ठेवायला नव्हती. बाग होती, स्वच्छ पलंग होते, मॅनेजरबाई गोड बोलत होत्या. मास्तरांनी खिडक्यांना लावलेल्या पडद्यांची शिलाई उलटून बघितली आणि ‘ठीक’ म्हणाले. मग विचारलं, “मशीन कुठे ठेवायचं?”

“मशीनचं बघू काहीतरी,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “पण कात्री, सुई, टाचण्या आत चालत नाहीत. सगळ्यांच्याच सुरक्षेसाठी नियम आहे.”

 परत आल्यावर घराच्या पायऱ्या चढताना मास्तर म्हणाले, “मग मी तिथे बसून करू काय?”

त्या रात्रीच्या जेवणावर तह झाला. मास्तरांजवळ एक चकती राहील. मोठ्या बटणाएवढी, पातळ. ती जिथे जाईल तिथे मुलीच्या आणि मुलाच्या मोबाइलच्या नकाशावर एक निळा ठिपका दिसेल. चकती अंगावर नसताना मास्तरांनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि पुन्हा एकदा जरी हरवले, तर मात्र वृद्धनिवास, मग कोणी रडायचं नाही, भांडायचं नाही. मास्तरांनी स्वतः हात पुढे करून त्यावर टाळी दिली. धाकटा दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना बहिणीला म्हणाला, “ताई, या वेळी तू पांघरूण घालायचं नाहीस.” तिला राग आला, कारण ती पांघरूण घालणार हे तिलाही माहीत होतं.

आता चकती घालायची कुठे, यावर आठवडाभर लढाई चालली. चकतीबरोबर गळ्यात अडकवायची दोरी आली होती. मास्तर म्हणाले, “पट्टा कुत्र्याला बांधतात. आणि हे बटण म्हणे! याला भोकं कुठायत?” शेवटी त्यांनीच तोड काढली. बाहेर जाताना ते कोट घातल्याशिवाय जात नसत. ऊन असो, गरमी असो, कोट म्हणजे कोट. त्या कोटाच्या आत, अस्तराखाली, त्यांनी एक चोरखिसा शिवला. असा शिवला, की हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही. चकती आत सरकवली आणि खिशाचं तोंड बारीक टाक्यांनी बंद करून टाकलं. “आता ही माझ्या मर्जीशिवाय बाहेर येत नाही,” मास्तर खुशीत म्हणाले. इस्त्री करायची असली की टाके उसवून चकती काढायची, इस्त्री झाली की परत आत घालून टाके घालायचे, असा त्यांचा शिरस्ता पडला. एवढा खटाटोप कशाला, असं मुलीने विचारलं नाही. चकती एकदाची अंगावर आली, यातच तिला सगळं मिळालं.

आणखी एक अट होती, ती तिची एकटीची: बाहेरची कामं घ्यायची नाहीत. मास्तर ‘बरं’ म्हणाले. म्हणजे ती नसताना घ्यायला लागले. कोणाची पँट गादीखाली, कोणाचा परकर पिंपामागे. तिला सगळं दिसायचं, पण पिंपामागे बघायला आपण कशाला जावं, असं म्हणून ती कानाडोळा करायची. दाराची घंटाही तिने मोबाइलवर बंद करून टाकली होती. जिन्यात कोणाची पावलं वाजली की मास्तर दार उघडून बघणार, आणि तक्रार कक्षात तिचा मोबाइल टिंगटिंग करणार. साहेबांनी दोनदा टोकल्यावर तिने त्या घंटेचा आवाजच मारून टाकला. ठिपका आहे ना, मग दाराशी काय करायचंय, असा तिचा हिशेब.

तर त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, तिने सवयीने नकाशा उघडला. ठिपका घरी नव्हता. ठिपका पुलापलीकडे होता, आणि चालला होता.

तिने आधी घरचा फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. रिसीव्हर वाकडा ठेवायची मास्तरांची जुनी खोड होती, तेव्हा ते तसंच असणार. तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईला ‘पाइप फुटलाय, बघून येते’ असं सांगितलं. आयुष्यात कधी पाइप बघायला न गेलेली ही बाई कुठे निघाली, म्हणून अख्खा कक्ष बघत राहिला. तिने टॅक्सी पकडली.

टॅक्सी पुलावर असताना मोबाइल वाजला. धाकट्याच्या बायकोचा फोन. त्यांच्याकडे तेव्हा अपरात्र असणार. अशा वेळी भावजय फोन का करेल? एकच कारण: धाकट्यालाही ठिपका दिसला, आणि आपण त्याचा फोन उचलणार नाही हे ओळखून त्याने बायकोला पुढे केलं. हिने फोन कापला. परत वाजला, परत कापला. मग मेसेज आला, ‘ताई फोन उचला.’ मग दुसरा, ‘फोन उचल, मी आहे.’ धाकटा मेसेज असाच लिहायचा, मुद्दा सोडून सगळं. तिने मोबाइलचा आवाज बंद केला. आधी बाबा सापडू देत, त्यांना घरी नेऊन बसवू दे, मग सांगू की जरा फिरायला गेले होते. ठिपका पुलापलीकडे एका जागी थांबला होता. तिला जरा धीर आला.

ठिपका थांबला होता तो एका उंचच उंच इमारतीत. आणि नकाशाला उंची कळत नाही, हे तिला तिथे पोचल्यावर कळलं. बाबा इमारतीच्या मधोमध आहेत, एवढं नक्की. तळाशी की माळ्यावर, देव जाणे.

“एक म्हातारे गृहस्थ आले का? कोट घातलेले?” तिने वॉचमनला विचारलं.

“बाई, तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे,” वॉचमन म्हणाला. “इथे म्हातारेच येतात.”

लिफ्टला ‘काम चालू आहे’ अशी पाटी. ती जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावर वकिलांची ऑफिसं, तिथे कोणी नाही. दुसऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास. शिकवणाऱ्या मुलाने तिला नवीन ॲडमिशन समजून खुर्ची दिली. तिसऱ्यावर दवाखान्याच्या दारातून तिने ‘बाबा!’ अशी हाक मारली, तर डोळ्यांत औषध घातलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी आशेने माना वळवल्या. त्यांच्यात तिचे बाबा नव्हते. एरवी ती यावर हसली असती. तिला आता भलभलतं सुचू लागलं होतं. गच्चीचं दार उघडं असलं तर? ती धापा टाकत वर पोचली. गच्चीला कुलूप होतं.

शेवटच्या पायरीवर ती मटकन बसली. ठिपका तिथेच, अगदी ती होती तिथेच, आणि बाबा कुठेच नाहीत. आता पोलिसांत जावं लागणार. धाकट्याला सांगावं लागणार. मग मॅनेजरबाईंचे स्वच्छ पलंग, आणि दारात कात्री काढून घेणार. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

“ताई?” लिफ्टच्या उघड्या दारातून आवाज आला. “तुम्ही इथे कशा?”

लिफ्टच्या टपावर, वंगणाने माखलेले हात घेऊन, मास्तरांच्या खालच्या मजल्यावर राहणारा लिफ्टवाला उभा होता. हा दिवसभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा. त्याच्या अंगात खाकी जॅकेट होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

“बाबा कुठेत?”

“मास्तर? घरीच असतील की. सकाळी तर जॅकेट दिलं मला, अस्तर फाटलं होतं ते—” एवढं बोलून त्याने जीभ चावली. “ताईंना सांगू नकोस म्हणाले होते.”

“इकडे या. वर या आधी,” ती म्हणाली. तो बिचारा घाबरून वर चढला. तिने त्याचं जॅकेट उलटून अस्तर चाचपलं. डाव्या बाजूला आत काहीतरी गोल लागलं. तोंडाशी तेच बारीक टाके.

कसं झालं असेल, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. मास्तरांनी आपला कोट इस्त्री करायला घेतला असणार, चकती काढून टेबलावर ठेवली असणार. मध्येच जॅकेटचं अस्तर समोर आलं. अस्तर शिवलं, की आत चोरखिसा आलाच. चोरखिसा झाला, की त्यात चकती गेलीच. त्यांनी काम अर्धवट टाकलं नव्हतं. चुकीच्या माणसाच्या अंगावर का होईना, पूर्ण केलं होतं.

तिला खदखदून हसू आलं. लिफ्टवाल्याला वाटलं, बाईंचं काही खरं नाही. आणि हसता हसताच ती दचकली. चकती इथे आहे. मग बाबा कुठे आहेत? आता तर नकाशावर काहीच नाही. हातातला मोबाइल थरथरला. पुन्हा भावजय. या वेळी तिने उचलला.

“ताई, तुला काय फोन खायला उठतो का?” पलीकडून धाकटा ओरडला. “बाबा घरी आहेत! माझ्या दुसऱ्या कानाला आहेत!”

मग त्याने जे सांगितलं ते ती जिन्याचा कठडा धरून ऐकत राहिली. मास्तर दोरा आणायला निघाले होते. कोट घातला, बूट घातले, आणि दाराशी जाऊन सवयीने छातीवर हात ठेवला. चकती लागली नाही. चोरखिसा रिकामा. त्यांनी घरभर शोधली, गादीखाली, पिंपामागे, दुसऱ्यांच्या पँटींच्या खिशांतही. मग फोनवरच्या धाकट्याच्या फोटोवर बोट दाबलं. “चकती हरवली,” ते म्हणाले. “ताईला सांगू नकोस, ओरडेल. आणि तू फोन ठेवू नकोस. तू ठेवलास, की मी विसरेन आणि बाहेर पडेन.”

“तेव्हापासून धरून बसलोय,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. “त्यांनी मला कॉलर कशी लावतात ते दोनदा शिकवलं. मध्ये मध्ये विचारतात, मी बूट का घातलेत? मी सांगतो. मग म्हणतात, हां, बरोबर.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबा घरी होते, हरवले नव्हते. जीव भांड्यात पडला. पण त्याच वेळी काहीतरी आत खुपलंही. सगळी यंत्रं लावली तिने. रोज संध्याकाळी धावते ती. आणि अडल्या वेळी फोटो दाबला तो धाकट्याचा. का, तर ताई ओरडेल.

लिफ्टवाल्याने तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “पण ताई, शिलाई एकदम फर्स्टक्लास आहे हं.”

दार उघडंच होतं. दाराशी खुर्ची घेऊन मास्तर बसले होते. अंगात कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पायात बूट, कानाला फोन. भिंतीवरचं घड्याळ ‘आता दुपार आहे’ म्हणालं, त्याला त्यांनी ‘माहितीये’ म्हणून गप्प केलं. मग मुलगी दिसली.

“आली,” ते फोनमध्ये हळूच म्हणाले. “फौजदार आली. आता तू झोप जा.” पण फोन काही ठेवला नाही. तिनेच पुढे होऊन तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. मग लिफ्टवाल्याचं जॅकेट उलटं करून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मास्तरांनी चष्मा वर केला. अस्तरावरून अंगठा फिरवला. टाक्यांपाशी तो थांबला.

“टाके माझेच आहेत,” ते म्हणाले. तेच टाके त्यांनी पुन्हा एकदा चाचपले. “पण मला हे शिवल्याचं आठवत नाही गं.”

अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरीसमोर त्यांना लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती. त्या दोन्ही त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होत्या. वाटेत तिने ओरडायला म्हणून जे जे जमवलं होतं, ते सगळं विरून गेलं. लिफ्टवाला म्हणाला, “मास्तर, माझी बायको खूश होईल. मी कुठल्या लिफ्टमध्ये लोंबकळतोय, ते तिला कधी कळतच नाही.” यावर मास्तर हसले, मग ती हसली. फोनमधून धाकट्याने “काय झालं? मला पण सांगा!” असं विचारलं.

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, डोळ्यांच्या दवाखान्यातले बाबासुद्धा. या वेळी तिने पांघरूण घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, “आपलं ठरलं होतं. आता तू म्हणशील तसं.”

मास्तर खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले होते.

“ठरलं होतं, बाबा हरवले तर,” धाकटा म्हणाला. “हरवली ती चकती. बाबा घरी होते. चकती नाही म्हणून घरी बसून राहिले, ताई. मला फोनवर धरून ठेवलं, पण बसले.” मग तो जांभई देत म्हणाला, “आणि आता मला झोपू द्या. कॉलरचा धडा परत नको.”

फोन बंद झाला. लिफ्टवाला ‘निघतो’ म्हणून हळूच सटकला. जॅकेट मास्तरांच्या मांडीवर राहिलंय, हे त्याला जिन्यात आठवलं, पण तो परत आला नाही. मुलीने मास्तरांच्या पायातले बूट काढले. चहा टाकला. दोन कप घेऊन ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली, आणि मनातलं खुपणारं विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

“मला का नाही केला फोन, बाबा? मी काय खाते तुम्हाला?”

मास्तरांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यायले नाहीत.

“आज मला कळलं, की खिसा रिकामा आहे,” ते म्हणाले. “एक दिवस कळणार नाही. मी असाच निघून जाईन, आणि मला वाटेल सगळं बरोबर आहे. त्याच्या आधी मला तिकडे ने. त्या बागेत.”

“बाबा, असं काही—”

“ऐक. मी जाणार नाही म्हणेन. कात्री सोडणार नाही. तुला नाही नाही ते बोलेन, रडेन, तुझे पाय धरेन. तेव्हा माझं ऐकायचं नाही.”

जे रोज म्हणायची तेच तिच्या तोंडातून आलं.

“तुमचं मी आजवर कधी ऐकलंय?”

“म्हणूनच तुला सांगतोय,” मास्तर म्हणाले. “धाकटा ऐकेल.”